राक्षसाचा डबा
कूलरच्या ओल्या खसचा वास आला, की मला नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरातली मे महिन्यातली ती दुपार आठवते. मुलगी तेव्हा एकाच वेळी तीन कॉमिक्स काढायची. शाईची ओली पानं उडू नयेत म्हणून तिने कूलर बंद ठेवला होता. "बाबा, राक्षसाले डबा द्याचा राहिला," ती म्हणाली. राक्षस एका गोष्टीतला, डबा दुसरीतला. "तीन-तीन गोष्टी घेतल्यावर असंच होते वं," मी हसलो. ती हसली नाही. डबा शोधायला उठली आणि भिंतीला धरून खाली बसली. कपाळ तापलेलं, कोरडं. मी कूलर लावला, तिच्यावर पाणी ओतलं. पानं उडाली, भिजली, पण तिने तिकडे पाहिलंही नाही. तेव्हा मला कळलं, गोष्टींची ती सरमिसळ उष्माघाताची होती, आणि मी तिला उचलून दवाखान्यात नेलं. आता ती पुण्यात चार कॉमिक्स काढते. उन्हाळ्यात मी फोनवर आधी विचारतो, "राक्षस कोणत्या गोष्टीतला?" ती चिडून बरोबर उत्तर देते, मग मी बाकीचं बोलतो.