बॉनेटखालचे आबा

लगन करून मी सेनगावकडं सासरी आले तवा आमच्या सासऱ्याचं तोंड आधी दिसलंच न्हाई, पाठ दिसली. माप ओलांडायची येळ झाली, सगळे आबा आबा हाका मारून राहिले, अन् आबा बाहेर अँबासिडरचं बॉनेट उघडून कमरेपस्तोर आत. आमी नवरा-नवरी ज्या गाडीत आलो तिच्या इंजनावर रस्त्याची धूळ बसली होती. ती आधी पुसायची, मंग सून बघायची. मंग आले, मी पाया पडले तर म्हणले, "बस बस माय. हाताला रॉकेल हाय, डोक्यावर ठिवत न्हाई." अन् कोपरानं माझ्या डोक्याला शिवून आशीर्वाद दिला.

आबा मागच्या साली गेले. त्यांनी त्या गाडीवर उभी जिंदगी काढली होती. औंढ्याला दर्शनाची माणसं न्यायची, नवऱ्या न्यायच्या, बाळंतिणी आणायच्या. मंग जीपा झाल्या, अँबासिडरला कोणी बोलवंना, ती पत्र्याच्या शेडात उभी राहिली, घरच्या कामापुरती निघायची. पण बाजाराच्या दिवशी सकाळी बॉनेट उघडणार म्हंजी उघडणार. रॉकेलच्या वाटीत जुना दातांचा ब्रश बुडवून कोपरे घासायचे, बॅटरीवर पांढरं फुगून आलेलं गरम पाण्यानं काढायचे, लोंबणाऱ्या तारा एका जागी बांधायचे. माझ्या चिमीच्या करदोड्याचा दोरा उरला होता, तो बी मागून नेला. म्हणले, "लेकराला बांधला तसा हिला बी बांधू, नजर लागत न्हाई." माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या सगळ्या तिकडंच गेल्या.

शेजारची गयाबाई कुडाच्या पल्याडून बघायची अन् टोमणा मारायची, "आबा, एवढी निगा घरच्या म्हातारीची, बायकोची ठिवली असती तर ती अजून बसली असती इथं."

"तिचं झाकण उघडत न्हवतं गयाबाई," आबा डोकं वर बी काढायचे न्हाईत. "बंद ठिवूनच गेली."

मी आठवीतून शाळा सोडलेली, मला काय कळतंय गाडीतलं, पण एकदा इचारलं, आबा, वरून धुतली तर लोकांना दिसंल, आत कोण बघतंय? ते म्हणले, "दाखवायला न्हाई माय. घाण इंजन गळाय लागलं तर समजत न्हाई, समदंच काळं दिसतं. साफ ठिवलं की एक थेंब जरी नवा आला तरी डोळ्यात येतो." मंग ती त्यांची बोलायची रीतच झाली. बाळंतपणात माझे टाके दुखायचे, मी गप्प पडून ऱ्हायचे, तर उंबऱ्यापल्याड बसून इचारायचे, "काहून गप? कुठं गळून राहिलंय ते सांग, दाबून ठिवू नको." माझ्या बापानं बी असं कधी इचारलं न्हाई.

अजून एक बोलणं होतं त्यांचं. "आधी चिंधी खिशात, मंग बॉनेट खाली." हे तोंडानं म्हणायचे अन् तसंच करायचे, म्हणून त्यांच्या समद्या सदऱ्यांचे खिसे काळे. मी धुताना वैतागायचे.

चिमी रांगाय लागली तवाची गोष्ट. तिला ताप चढला अन् उतरंना. आमचे हे वसमतला हळदीच्या आडतीवर कामाला, घरी मी अन् आबा. आबा म्हणले चल हिंगोलीला, लेकरांच्या डॉक्टरला दाखवू. मी तिला पदरात गुंडाळून मागं बसले. गाव सुटलं, थोडं पुढं गेलो तर जळका वास यायला लागला, मंग बॉनेटच्या फटीतून धूर, मी वरडले आबा थांबवा, त्यांनी गाडी कडंला घेतली, मी दार उघडून उडीच टाकली, पदर दारात अडकला, तो टर्रकन फाटला, मी लेकरू घेऊन पार शेताच्या बांधापस्तोर पळत गेले.

आबानी बॉनेट उघडलं. सायलेन्सरच्या तापल्या पाइपावर माझ्या लुगड्याची चिंधी पडली होती, जळत होती. त्यांनी ती उघड्या हातानं ओढून पायाखाली चुरगाळली, वर माती टाकली. मंग माझ्याकडं बघून म्हणले, "ही कोणी ठिवली इथं?"

"आबा, सकाळी तुमीच पुसत होते की."

"मी? मी तर आज बॉनेटला हात लावला न्हाई."

ते खोटं बोलत न्हवते. धुरापेक्षा मला त्याचं भेव वाटलं. मागून जीप आली, तिच्यात बसून मी हिंगोलीला गेले, डॉक्टरनी औषध दिलं, ताप उतरला. ह्यांना म्या काहीच सांगितलं न्हाई. सासऱ्याचं डोकं चालत न्हाई असं सुनंनं कोणत्या तोंडानं सांगायचं?

डॉक्टरनी परत दाखवायला बोलावलं होतं. त्या दिवशी ह्यांचा फोन आला, आबासंगं जा. आबा चावी घेऊन, टोपी घालून तयार. मी चिमीला कडंवर घेऊन दारात उभी राहिले, पाय उचलंना. बसले तर लेकराचं काय होईल, अन् न्हाई म्हणलं तर आबा काय म्हणतील. शेवटी बोलले, "आबा, मी लेकरू घेऊन तुमच्या गाडीत बसणार न्हाई."

"काहून?"

"ती चिंधी तुमीच ठिवली होती. तुमच्या ध्यानात राहिलं न्हाई. परवा बी तुमी जेवून उठले अन् म्हणले सूनबाई, जेवायला वाढ."

आबानी चावी मुठीत आवळली. मला वाटलं आता हात उचलतील. पण त्यांनी एवढंच इचारलं, "कवापासून दिसून राहिलं तुला?"

"दोन-चार बाजार झाले असतील."

ते शेडात गेले, बॉनेट उघडलं. प्लगच्या तारा जिथून निघतात ते काळं झाकण काढलं, त्यातून अंगठ्याएवढा तुकडा बाहेर ओढला, सदऱ्याला पुसला अन् माझ्या हातात दिला. "ह्याच्याबिगर गाडी सुरू होत न्हाई. तुझ्यापाशी ठिव. मी मागितलं तरी देऊ नको. मी लई वंगाळ बोलन, तरी देऊ नको." मंग मला एसटीला बसवायला फाट्यापस्तोर चालत आले.

पुढं आबांना डॉक्टरला दाखवलं, त्यांनी सांगितलं इसरण्याचा आजार हाय. ह्यांना बी कळलं. आबा बॉनेट उघडायचे ते काही सुटलं न्हाई, उलट रोज उघडाय लागले. न चालणारं इंजन, पण त्यात भाकर थापावी असं साफ.

अन् एक दिवस त्यांना त्या तुकड्याची जागा मोकळी दिसली. घरभर धुंडलं, मंग अंगणात येऊन वरडाय लागले. "हिनं चोरलं! माझ्या घरात चोर आणून ठिवली!" गल्लीतली माणसं गोळा झाली. गयाबाई म्हणली, "दे गं बाई, म्हाताऱ्याचा जीव कशाला टांगून ठिवती." ह्यांना सुट्टी होती, ते बी कानाशी येऊन म्हणले, "देऊन टाक, लोकासमोर तमाशा नको." चिमी माझ्या पायाला धरून रडत होती. तरी मी न्हाई म्हणले.

आबा माझ्या पुढ्यात आले. "कोणी सांगितलं तुला देऊ नको म्हणून? नाव सांग त्याचं!"

"आबानी सांगितलं."

"कोणचा आबा?"

"अँबासिडरवाला."

ते थांबले. माझ्याकडं बघितलं, मंग उघड्या बॉनेटकडं बघितलं, अन् आवाजच उतरला त्यांचा. "असं व्हय? मंग बराबर हाय. त्यो माणूस गाडीचं उगंच सांगायचा न्हाई. त्यानं सांगितलं असंल तर मला बी देऊ नको."

अन् वाकून परत तारा पुसायला लागले.