एकशे साठाव्या पानानंतर पेण, मग रोहा

पुस्तकाचा शेवट नक्की कोणाच्या मालकीचा असतो? लिहिणाऱ्याच्या, विकत घेणाऱ्याच्या, की वर्गणी भरून घरी नेणाऱ्याच्या? मला माहीत नाही. दोन दिवस, तीन एसट्या आणि एक पॅसेंजर गाडी करून आले, तरी माहीत नाही. उत्तरासाठी वाचत असाल तर इथेच थांबा. पेणला कुठे खावं आणि रोह्याला कसं जावं, एवढं मात्र मी नीट सांगू शकते.

नियमित वाचकांना भानगड ठाऊक आहेच, नव्यांसाठी थोडक्यात सांगते. ‘तिजेचं उधाण’ ही खाडीकाठच्या गावावरची जुनी विज्ञान कादंबरी मला पेणच्या एका रद्दीवाल्याकडे मिळाली. भविष्यकाळात एक कंपनी समुद्राला स्वयंचलित दरवाजे बसवते. ऐन उधाणाला ते बिघडतात, बांधाला खांड पडते, म्हणजे भगदाड पडून खारं पाणी शेतात घुसतं. नायिका गंगा एकटी बांधावर उभी राहून हाक मारते. एकशे साठाव्या पानाच्या तळाशी शेवटचं वाक्य आहे, ‘गंगेने मागे वळून पाहिलं.’ आणि पुस्तक संपतं.

या वाक्यावर मी ब्लॉगवर तीन परिच्छेद झोडले. ‘त्या वळून पाहण्यातली पराभूत वृत्ती’ असा शब्दप्रयोग केला, लेखकाला भित्रा म्हटलं. खाली वाचकांची दंगल उसळली. अर्धे म्हणाले, मराठी विज्ञानकथेतला हा सर्वांत धाडसी मुक्त शेवट. उरलेले म्हणाले, लेखकाला सुचलंच नाही. एकाने गंगेच्या मानेचा कोन हे भांडवलशाहीचं प्रतीक असल्याचं सिद्ध केलं. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागितला. छापील कागदावर माझं नाव पहिल्यांदाच येणार होतं. बाबांनी आळीत सांगून टाकलं आणि पाच अंकही नोंदवून आले.

बाबा खोपोलीत एका छापखान्यात बाइंडिंगचं काम करतात. त्यांनी कादंबरी हातात घेतली, वाचली नाही, फक्त पाठ वाकवून बघितली आणि म्हणाले, “यातला शेवटचा फर्मा गेलाय.” फर्मा म्हणजे सोळा पानांची एक जुडी, बाइंडर ती एकत्र शिवतात. मी घरातली पहिली पदवीधर. बाबा नववी. मी म्हटलं, “बाबा, याला मुक्त शेवट म्हणतात.”

“असेल,” बाबा म्हणाले. “पण दोरा मोकळा हाय.”

मग ब्लॉगवर एक प्रतिक्रिया आली, नाव होतं ‘खारेपाटातली कुंदा’; खारेपाट म्हणजे पेणजवळचा खाडीकाठचा खारा पट्टा. ‘ताई, तुमच्या पुस्तकाला शेवट नाय, पण पुस्तकाला शेवट होता. रोह्याच्या वाचनालयात हाय. आधी पेणला या, चहा घेऊ.’ मी दोन रात्री झोपले नाही. शनिवारी सकाळी निघाले.

शनिवार: पेण

खोपोलीहून पेणला एसटीने तासभर लागतो. रस्ता हिरवागार, खिडकीची काच अडकलेली, त्यामुळे श्रावण अर्धा अंगावर. पेणच्या स्टँडजवळ मिसळ खाल्ली. ठीक होती. त्यापेक्षा पोह्याचे पापड घ्या, तळले की ताटाबाहेर जातात.

कुंदाताई गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात. चाळिशीच्या, माहेर आणि सासर दोन्ही मिठागरात राबणारं. पत्र्याच्या शेडमध्ये दोनेकशे गणपती एका रंगात, बिनडोळ्यांचे, ओळीने बसलेले. एवढ्या आंधळ्या श्रोत्यांसमोर मी कधी उभी राहिले नव्हते.

श्रोते म्हणायचं कारण आहे. या कारखान्यात सीझनला एक जण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे रंगवतात. रेडिओ नाही, गाणी नाहीत. मालक नाना सांगत होते, “गाण्याला हात हलतो. गोष्टीला हात स्थिर राहतो.” दरवर्षी एकदा तरी ‘तिजेचं उधाण’ वाचलं जातं. त्यांचीही प्रत एकशे साठ पानांचीच. तिथे पोचलं की काम थांबतं आणि भांडण सुरू होतं.

“गंगा बुडते,” सोंडेला रंग देणाऱ्या एका बाई म्हणाल्या. “एकटी बाई बांधावर. बुडणार नाय तर काय?”

“कशी बुडंल? मागं वळली ती. मागं कोन असंल तवाच मानूस वळतो,” कुंदाताई ब्रश न उचलता म्हणाल्या.

“मागं तिचा नवरा असंल. मग तर बुडलेलीच बरी!”

शेडभर हशा. नाना वैतागले. “ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच निकाल लावा. गेल्या वर्षी या गंगेपायी एका गणपतीचे डोळे तिरळे झाले. गिऱ्हाईक म्हणालं, बाप्पा शेजाऱ्याकडे बघतोय.”

मी घसा साफ करून मुक्त शेवटाची संकल्पना समजावली. सगळ्यांनी आदराने ऐकलं. मग सोंडवाल्या बाई म्हणाल्या, “म्हंजे तुमाला पन नाय म्हायती.”

रात्री कुंदाताईंच्या गावी राहिले. त्यांच्याकडे वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सुकट होती. पैसे विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आणखी एक भाकरी मागून घेतली. जेवणाआधी त्यांनी बांध दाखवला. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मध्ये पुरुषभर उंचीची मातीची भिंत. एवढंच.

“खांड पडली की काय करता?” मी विचारलं.

“थाळा वाजवायचा. घरटी एक मानूस, घमेला घेऊन. ज्याच्याशी कोर्टात केस चालू तो भाऊसुदीक येतो. रातभर चिखल टाकायचा. सकाळी परत भांडायला मोकले.”

“आणि कोणी नाही आलं तर?”

त्यांना प्रश्नच कळला नाही. “नाय कसं येल गो?”

शेवटात काय आहे, हे मात्र त्यांनी जेवतानाही सांगितलं नाही. “माजी आय असती तर तिनंच सांगितलं असतं. तू रोह्याला जा. आणि लेखकाला भेट. तिथंच ऱ्हातो तो.”

लेखक जिवंत आहे! ब्लॉगवरच्या लेखात मी त्यांना ‘कालबाह्य’ म्हटलं होतं, ते आठवून मी भाकरी खाली ठेवली.

रविवार: रोहा

पेणहून रोह्याची एसटी वडखळ, नागोठणे, खांब, कोलाड करत जाते. महामार्गाच्या चौपदरीकरणाबद्दल मी एवढंच म्हणेन की विज्ञानकथांचा दुष्काळ आहे अशी तक्रार रायगड जिल्ह्याने तरी करू नये. खिडकीशेजारी बसा, मागच्या चाकावर बसू नका, आणि पुस्तक वाचायचा मोह टाळा. मी टाळला नाही आणि एक ओळ चार वेळा वाचली, चारही वेळा वेगळी.

वाचनालय बाजारपेठेच्या मागे, पहिल्या मजल्यावर. ग्रंथपाल देवळेकरबाईंनी कादंबरीचं नाव ऐकताच चष्मा पुसला.

“वाचायला मिळेल. घरी न्यायला नाही. आणि ब्लेड, पातं, कात्री काही असेल तर काउंटरवर ठेवा.”

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांनी माझी पर्स उघडून बघितली.

प्रत एकशे शहात्तर पानांची होती. म्हणजे बाबा बरोबर. गंगेच्या मानेवर उभारलेली आमची सगळी समीक्षा म्हणजे बाइंडिंगचा मोकळा दोरा. एकशे साठाव्या पानाच्या तळाशी वाक्य पूर्ण झालं, हा छपाईचा निव्वळ योगायोग. भांडवलशाहीचा काही संबंध नव्हता.

मी उभ्या उभ्या ती सोळा पानं वाचली. गंगा मागे वळून बघते, तर आकाशातून एक तरुण इंजिनिअर यंत्र घेऊन उतरतो. अकरा मिनिटांत खांड बुजते. गावकरी टाळ्या वाजवतात. गंगा त्याला हार घालते. हार कुठून आला, हे विज्ञानालाही सांगता आलेलं नाही.

त्या वाचनालयात पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने शेरा लिहायची पद्धत आहे. तिथे लिहिलं होतं, ‘शेवट टुकार.’ त्याखाली, ‘फार सुंदर, डोळे भरून आले.’ त्याखाली, ‘वरच्याचे डोळे तपासा.’ मग, ‘यंत्र कोणत्या कंपनीचं? आमच्या शिफ्टला पाठवा.’

मी सोळाही पानांचे फोटो काढले. आमच्या ब्लॉगची सगळी दंगल आता माझ्या खिशात होती.

“पातं का ठेवून घेता?” निघताना मी विचारलं.

“त्यांनाच विचारा,” देवळेकरबाई म्हणाल्या. “तीस वर्षांपूर्वी आले होते, पातं घेऊन. मी सांगितलं, लेखक असलात म्हणून काय झालं? नोंद झालेल्या पुस्तकाला हात लावायचा नाही. आणि तुमची वर्गणी थकलीय.”

लेखकांना सगळे अण्णा म्हणतात. नदीजवळच्या गल्लीत दोन खोल्या. जन्मभर एका केमिकल कंपनीत नोकरी केली, ही एकच कादंबरी लिहिली. मी दारातच नाव सांगितलं आणि माफी मागायला तोंड उघडलं.

“वाचलाय तुझा लेख,” अण्णा म्हणाले. “शुद्धलेखन चांगलं आहे. बस.”

चहा आला. मी कपाकडे बघत म्हटलं, “मी तुम्हाला भित्रा म्हटलं.”

“ते बरोबर आहे. कारण चुकलं.”

मग त्यांनी सांगितलं. बांधाची सगळी माहिती त्यांना कुंदाताईंच्या आईने दिली होती. पुस्तक छापून झाल्यावर ते मोठ्या हौसेने तिच्या अंगणात बसून ते वाचून दाखवायला गेले. गाव जमलं. एकशे साठाव्या पानापर्यंत कोणी हललं नाही. मग आकाशातून इंजिनिअर उतरला आणि ती बाई हसायला लागली.

“म्हणाली, ‘आनि मशीन येतवर आमी काय टाल्या पिटू?’ सगळं अंगण हसलं. मग ती हसायची थांबली आणि म्हणाली, ‘आमाला बोलवलाच नाय तुमी.’” अण्णांनी कप खाली ठेवला. “वर्तमानपत्रात दोघांनी पुस्तकाला शिव्या घातल्या होत्या, दोघांनी डोक्यावर घेतलं होतं. त्याचं मला काही वाटलं नाही. पण हे खरं होतं. गंगा हाक मारते आणि मी गावाला साधी ओ द्यायला लावली नाही. घरी आलो, दाढीचं पातं घेतलं आणि उरलेल्या सगळ्या प्रतींतून शेवटचा फर्मा कापला.”

“मग दुसरा शेवट का नाही लिहिलात?”

“सात वेळा लिहिला. सातही वेळा गावकरी शिफ्ट सुपरवायझरसारखे बोलायला लागले. त्यापेक्षा कोरं बरं. ज्यांना माहीत आहे ते भरतील.”

मला कारखान्यातली भांडणं आठवली. कोन असंल तवाच मानूस वळतो. मी ते सांगितलं. अण्णांनी ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं.

“तू वाचलास ना तो शेवट? कसा आहे?”

“भयंकर,” मी म्हटलं. ते खोकला येईपर्यंत हसले. मग मला राहवेना. “अण्णा, मी त्याचे फोटो काढलेत.”

“काढलेस तर काढलेस. मी आता पातं घेऊन कुठे कुठे जाणार?” ते म्हणाले. “यातलं काय लिहायचं ते लिही. फक्त माझं नाव नको.”

परत

येताना पॅसेंजरने आले. एसटीपेक्षा तिकीट स्वस्त, बसायला जागा, आणि हाडं आहेत तिथे राहतात. रोह्यानंतर निडी लागतं. तिथे क्रॉसिंगसाठी गाडी थांबली आणि संपादकांचा फोन आला. मी म्हटलं, लेख चुकीचा आहे, मागे घेते. त्यांनी कारण विचारलं. मी बावळटासारखं खरं सांगितलं.

“अगं, मागे काय घेतेस? हा तर बॉम्ब आहे!” ते ओरडले. “सोळा पानं तशीच छापू. तुझं नाव मुखपृष्ठावर. आत्ता पाठव फोटो.”

मुखपृष्ठावर. बाबांचे पाच अंक. बाहेर फलाटावर एक बाई भाताच्या पोत्यावर बसून वेणी घालत होती, तिला कसलीही घाई नव्हती. मी म्हटलं, “पाच मिनिटांत कळवते.”

घरी पोचले तेव्हा बाबा पुस्तकच घेऊन बसले होते. या वेळी वाचत होते. एकशे छप्पन्नाव्या पानावर होते.

“फर्माच होता ना?”

“फर्माच होता. कापलेला. बाबा, चुकलं माझं.”

“ते कळलं होतं मला, पातं फिरलेल्या कडा दिसतात,” बाबा म्हणाले. “आणि लेख?”

“छापून येणार नाही.”

बाबांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. “आळीत सांगून बसलोय मी.”

“माहीत आहे.”

“मग आता काय सांगू?”

“सांगा, पोरगी नापास झाली.”

“ते कोण मानणार नाय,” ते म्हणाले आणि उरलेली चार पानं वाचली. पुस्तक मिटलं. मग म्हणाले, “गाव आलं असेल तिच्या मागे.”

बाबांनी बांध कधी पाहिलेला नाही. मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं.

खाली प्रतिक्रियांमध्ये तुम्ही काय मागणार, ते मला ठाऊक आहे. ती सोळा पानं हवीच असतील तर रोह्याला जा, वर्गणी भरा आणि पातं घरी ठेवा. माझ्याकडे मागू नका. फोटो मी निडीला गाडी सुटायच्या आत डिलीट केले आणि नागोठणे यायच्या आत फोनच्या कचरापेटीतूनही काढून टाकले.