सांत्वनाला या, तपासाला नको

बाभुळगावच्या वाचनालयाबाहेरच्या काळ्या फळ्यावर दर रविवारी सकाळी मी खडूने एक व्यंगचित्र काढायचो आणि खाली एका ओळीत बोध लिहायचो. मी शाळेत चित्रकला शिकवतो. लोकांना वाटायचं, मास्तरांची हौस आहे. हौस कसली, राग होता. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा, दवाखान्याच्या भिंतीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकणारा, लग्नात ताटात डोंगर रचून अर्धा टाकून देणारा, अशा सगळ्यांना मी त्या फळ्यावर टांगलं. लोक हसायचे, मोबाइलवर फोटो काढून पुढे पाठवायचे. ज्याच्यावरून चित्र काढलं, तोच सगळ्यांत मोठ्याने हसायचा, कारण त्याला त्यात शेजारी दिसायचा. या गावाला वळण लावायची गरज आहे आणि ते काम माझंच आहे, याबद्दल मला शंका नव्हती.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी माझे भाऊजी गेले. गावातच दिलेल्या मोठ्या बहिणीचे यजमान. सकाळी कापूस वेचणीच्या बायांना शेतात पोचवून घरी आले, ताईजवळ पाणी मागितलं, मग चहा. चहा पिता पिता छातीत कळ आली. ताईने शेजाऱ्याची गाडी काढायला लावली, पण यवतमाळ यायच्या आतच ते संपले.

दुसऱ्या दिवसापासून ताईकडे भेटीला येणाऱ्यांची रीघ लागली. चहा वाटायचं काम माझ्याकडे आलं. बाई यायची, ताईला खेटून बसायची, पदर डोळ्यांना लावायची आणि विचारायची, "कसं झालं वं माय?" ताई पाण्याच्या तांब्यापासून सुरुवात करायची. ती बाई उठायच्या आत दुसरी यायची, आणि ताई पुन्हा तांब्यापासून. मला ते ऐकवेना. काहीजणी तर दोनदा आल्या.

समोरच्या घरातली म्हातारी सगळ्यांच्या वर होती. भर बैठकीत तिने विचारलं, "कळ आली तवाच काहून नाही नेलं? अन् चहा कायले पाजला?"

ताई काही बोलणार तोच दुसरी बाई येऊन तिच्या गळ्यात पडली. माझ्या हातातली किटली त्या म्हातारीच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं.

रविवारी मी फळ्यावर चित्र काढलं. मधे पांढऱ्या लुगड्यातली एक बाई, तिच्या डोक्याच्या जागी मोबाइल. भोवती सुपाएवढ्या कानांच्या बाया, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताचा अंगठा मोबाइलवरच्या ‘पुन्हा’ या बटणावर. खाली लिहिलं, ‘सांत्वनाला या, तपासाला नको’. इतकी नेमकी ओळ मला आधी कधीच सुचली नव्हती.

दुपारपर्यंत तो फोटो गावभर झाला. या वेळी कोणी हसलं नाही. संध्याकाळी फळ्यावर कोणीतरी खर्रा थुंकलेला दिसला. भाऊजींचे मोठे भाऊ माझ्या दारात आले आणि पायरीखालूनच म्हणाले, "मास्तर, आमच्या घरच्या मौतीचा तमाशा केला तुमी. इतके दिवस गावाचा केला, आता आमचा."

"मी ताईसाठी बोललो," मी म्हणालो.

"तिनं सांगतलं होतं तुमाले?"

सोमवारी ताईकडे कोणी आलं नाही. मंगळवारीही नाही. मला तर बरंच वाटलं. दुपारी मी गेलो, तेव्हा ती भिंतीला टेकून दाराकडे बघत बसली होती. मी म्हणालो, "झाली ना शांतता?"

तिने भाचीचा मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे मी हाव का?"

"तू नाही गं. लोकांना कळावं म्हणून..."

"माहं डोकं कापून डबडं लावलं तू. तुले कोनं सांगतलं मले तरास होऊन राह्यला?"

"मी पाहत होतो ना रोज. तीच तीच गोष्ट सांगायला लावत होते."

"लावत नव्हते, मी सांगत होती. पानी मागतलं, चहा मागतला, तथपावतर ते जिते असतात. पुन्हा सांगतलं का पुन्हा जिते होतात. आता कोनाले सांगू? भिताडाले?" तिने मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाली, "माह्यासाठी नाही काढलं तू हे. बायकांत चहा वाटाची तुले लाज वाटत होती."

मला राग आला. लाज वाटत होती हे खरं होतं, म्हणून जास्तच आला. मी उठलो, तर ती म्हणाली, "समोरच्या बुढीले घेऊन ये. तिच्या बोलन्याचा जवाब द्यायचा राह्यला माहा."

म्हातारी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने मला बसायलाही सांगितलं नाही. "माहे कान लय मोठे काढले, मास्तर."

मी ताईचा निरोप सांगितला आणि माफी मागितली. तोंडदेखली, हे तिलाही कळलं. ती म्हणाली, "तुमाले इचारायचं राहूनच गेलं. तिनं त्या दिवशी तुमाले दोनदा फोन केलता म्हने. कुठं होते तुमी?"

हा प्रश्न कोणी विचारू नये म्हणून आठवडाभर मी किटली घेऊन आत-बाहेर करत होतो. ते मला तिथे, तिच्यासमोर उभं असताना कळलं.

"फळ्यापाशी होतो," मी म्हणालो. "फोन घरीच राहिला होता."

"कोनतं चित्र?"

"दुसऱ्याच्या दारात कचरा लोटणाऱ्या बाईचं."

"पायलं मी. थे मीच होती ना?"

मी हो म्हणालो. तिने शेंगांचं टोपलं बाजूला सारलं आणि घरात निघून गेली.

तेरवीला आली. ताईजवळ बसली आणि पहिलाच प्रश्न तोच टाकला, चहा कायले पाजला. ताई ओरडली, "त्यायनंच मागतला! तुमाले काय मालूम!" म्हातारी मागे हटली नाही. दोघींचं चांगलंच जुंपलं, पंगतीतली माणसं वळून बघू लागली. भांडता भांडता ताईला रडू फुटलं. तेरा दिवसांत ती पहिल्यांदाच मोठ्याने रडली. म्हातारीने तिचा दंड घट्ट पकडला, पण तोंड काही बंद केलं नाही.

भाऊजींचे भाऊ अजून माझ्याशी बोलत नाहीत. रस्त्यात दिसलो तर दुकानाच्या पाट्या वाचत जातात. ताई बोलते, जेवायलाही बोलावते. त्या सकाळची गोष्ट ती अजून कोणाकोणाला सांगते. मी दारातून आत आलो की मात्र थांबते, आणि आलेल्या बाईला पाणी द्यायला उठते.