पडद्याकडे पाठ

श्रीरामपूरच्या आमच्या टॉकीजमध्ये पडद्याकडे पाठ करून उभा राहणारा एकच माणूस होता, तिथला डोअरकीपर. आम्ही त्यांना बॅटरीवाले मामा म्हणत असू. त्यांचा उजवा हात कोपरापासून नव्हता. तिकीट त्या थोट्या हाताखाली काखेत दाबायचे आणि डाव्या हाताने फाडायचे.

रविवारी सकाळी परदेशी भीतिपट लागत. इंग्रजी, इटालियन, एकदा तर जपानीसुद्धा. भाषा कुणालाच कळत नसे; पण कुऱ्हाड, सुरी, फुटलेला डोळा यांना भाषा लागत नाही. सेन्सॉरच्या कात्रीतून सुटलेलं रक्तही पडदाभर होई. नेमक्या त्या क्षणी मामा बॅटरीचा झोत आमच्या तोंडांवरून फिरवत.

"त्यो पोलिसांचा मानूस हाय," असं माझा मित्र बापू म्हणे. दरोड्यात हात तुटला, असंही कुणी सांगे. मला दोन्ही खरं वाटे. मी घरातला कॉलेजात आलेला पहिलाच; राहात्याजवळच्या आमच्या वस्तीवर समज असा, की रविवारी मी अभ्यास करतो. हा माणूस एक दिवस घरी निरोप धाडणार, ही धास्ती होती.

पोरांत पैज असे. जो डोळे मिटेल तो गावंढळ. मी कधीच मिटले नाहीत. त्याचा मला अभिमान होता, हे लिहिताना संकोच वाटतो. एकच इटालियन चित्रपट तिसऱ्यांदा पाहायला गेलो, तेव्हा मामा तिकीट फाडता फाडता थांबले.

"एकदा बघितलं, समजलं. आता काय राह्यलंय बघायचं?"

"सहज, मामा."

"सहज!" म्हणत त्यांनी भर उजेडात बॅटरी माझ्या तोंडावर धरली.

त्याच खेळात, पडद्यावर गळा चिरला जात असताना, माझ्या पुढच्या बाकावरचा माणूस घेरी येऊन खाली पडला. पोरं हसली. मामा धावत आले, पण एका हाताने तो उचलेना. "अरं, धरा की कुनीतरी!" मी अगदी जवळ होतो. नुसता बघत राहिलो, तेही सिनेमातलंच असल्यासारखं. शेवटी बाहेरचा भेळवाला आत आला.

खेळ सुटल्यावर मी चाचरत माफी मागितली. मामा रागावले नाहीत.

"गुऱ्हाळावर चरकात हात गेला माझा. धा-बारा जन हुते भवती. इंजिनाचा पट्टा पाडून चरक थांबवायला एक हलला न्हाई. लई मन लावून बघत हुते." मग म्हणाले, "तसली तोंडं हुडकतो म्या. बॅटरी त्यासाठीच."

पुढच्या रविवारी झोत माझ्या चेहऱ्यावर थांबलाच नाही, सरळ पुढे गेला. माझ्यापुरतं त्यांचं हुडकणं संपलं होतं. मी ते खेळ पाहणं सोडलं.

उन्हाळ्यात मामा राहुरीला लेकीकडे कायमचे जाणार असल्याचं बापूने सांगितलं. मी लवकर जाऊन स्टँडवरच्या बाकावर बसलो. समोर जायचा धीर होत नव्हता. एसटी लागली, झुंबड उडाली. मामांच्या एका हातात ट्रंक. दांडी धरायला दुसरा हात नाही. लोक त्यांना ढकलून चढत होते. मी गर्दीत घुसलो, ट्रंक घेतली, पाठीला हात लावून त्यांना वर चढवलं.

खिडकीतून ते माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. बॅटरीशिवाय.

"आज उठलास व्हय," म्हणाले. "पन म्या हुतो म्हनून का रं?"

गाडी हलली.