हिंदुरावांनी मोडलेला गिअरबॉक्स

आवाज फार मोठा नव्हता. सुकी काटकी मोडावी तसा, एकदाच. गाडीखाली उताणे पडलेल्या हिंदुरावांच्या हातातला पाना थांबला. उल्काबाईंचा गिअरबॉक्स आपल्या हातानं मोडला, हे त्यांना त्याच क्षणी कळलं.

लोणी काळभोरला, सोलापूर रस्त्याच्या कडेला हिंदुरावांचं गॅरेज होतं. ऑटोमॅटिक गाडी उघडणारा त्या बाजूला हा एकच माणूस. शिक्षण सातवी. पुण्यातले भलेभले मिस्त्री ऑटोमॅटिक म्हटलं की हात जोडायचे, त्या काळात त्यांनी एक निकामी बॉक्स चादरीवर सुटा केला, एकेका चकतीचं चित्र वहीत काढलं आणि पुन्हा जोडला. सात वेळा फसला, आठव्यांदा चालला. तेव्हापासून त्यांचं नाव झालं.

उल्काबाई कोथरूडहून रोज लोणीच्या कॉलेजात गणित शिकवायला येत. लहानपणीच पोलिओनं डावा पाय गेलेला. क्लच दाबायला डावा पाय लागतो, म्हणून ही बिनक्लचची जुनी गाडी. कंपनीनं ते मॉडेल केव्हाच बंद केलं होतं आणि तसली दुसरी घेणं बाईंच्या पगारात बसणारं नव्हतं. तेल गळतंय म्हणून त्यांनी ती विश्वासानं हिंदुरावांकडं सोडली होती.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाचा एक गोल डबा असतो, त्याला कन्व्हर्टर म्हणतात. तो फिरवत फिरवत आत सरकवायचा. तीन टप्प्यांत बसतो. त्या दिवशी गळती बुजवून बॉक्स परत चढवताना घाईत तिसरा टप्पा राहिला, आणि हिंदुरावांनी बोल्ट आवळले. आतला पंप फुटला. त्याचे तुकडे सगळ्या बॉक्सभर गेले.

"गाडीचं वय झालं, मॅडम," त्यांनी बाईंना फोनवर सांगितलं. "बॉक्स आतून खाल्लाय. दुसरा शोधतो."

तोंडातून गेलं ते गेलं.

वाघोलीच्या एका भंगाराच्या अड्ड्यात त्यांना तशाच दिसणाऱ्या गाडीचा बॉक्स मिळाला. अंगावरची नंबरची पट्टी गळून पडलेली. त्यांनी बोल्टची भोकं मोजली, खालच्या चेंबरचा आकार ताडून पाहिला, वायरीचं सॉकेट लावून बघितलं. सगळं जुळलं. दोन दिवस खपून बसवला. गाडी गॅरेजच्या दारापर्यंत गेली, हिसके देत थांबली आणि डॅशबोर्डवरचा धोक्याचा दिवा उघडझाप करू लागला. त्याच गाडीची मोठ्या इंजिनाचीही एक जात होती. हा बॉक्स तिचा. बाहेरून सख्खा भाऊ, पण आतल्या चक्रांचे दात वेगळे. गाडीच्या कॉम्प्युटरला मेळच लागेना.

हिंदुराव गाडीच्या चाकाला टेकून खालीच बसले. तिसरा आठवडा संपत आला होता. बाई दोन बस बदलून येत होत्या. त्यातच एका सोमवारी हडपसरला बसच्या पायरीवरून त्या पडल्या. उजवं मनगट मोडलं.

ही बातमी हिंदुरावांच्या बायकोनं, मैनानं, आणली. ते ताटावरून उठले.

"अवं, तुमी कुठं पाडलं त्यांना?" मैना म्हणाली.

"मीच पाडलं," हिंदुराव म्हणाले. तिला काही उमगलं नाही.

जुन्या बाजारात एकानं पत्ता दिला. प्रभात रस्त्यावर दीनानाथ नावाचे एक्क्याऐंशी वर्षांचे गृहस्थ होते. त्यांच्याकडे नेमकी तीच गाडी, त्याच सालची. मुलांनी गाडी चालवायला बंदी केली होती, म्हणून ते रोज सकाळी तिच्यात बसून पेपर वाचत.

"विकायची नाही," काच अर्धीच खाली करून ते म्हणाले. "गाडी चालत नाही, मी चालवत नाही. दोघांचं बरं चाललंय."

"साहेब, नुसता नंबर बघू द्या."

हिंदुराव रस्त्यावरच आडवे झाले. रॉकेलच्या फडक्यानं चिकटा पुसला. पट्टी शाबूत होती. मोडक्या बॉक्सवरची अक्षरं त्यांनी तळहातावर लिहून आणली होती. त्यांनी एकेक अक्षर ताडून पाहिलं. सगळी तीच. ते उठून काचेशी आले. मग सगळंच बाहेर पडलं: राहिलेला टप्पा, फुटलेला पंप, खोटा फोन, मनगट. तोवर हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दीनानाथांनी पेपराची घडी घातली. "हे मला कशाला सांगताय? मी काय त्यांचा वडील आहे? आधी त्यांना सांगा. त्या 'बसवा' म्हणाल्या, तर बॉक्स घेऊन जा."

कोथरूडला बाईंच्या दारात हिंदुराव चपला काढून उभेच राहिले. हात प्लॅस्टरमध्ये घेऊन बाईंनी सगळं ऐकलं.

"तीन आठवडे मी त्या गाडीला दोष देत होते," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही रोज फोनवर ऐकून घेत होतात."

"व्हय."

"पडले त्या दिवशीही?"

"त्या दिवशीबी."

"बसवा," बाई म्हणाल्या. "गाडीशिवाय माझं चालत नाही, म्हणून. एरवी मी तुम्हाला तिला हातसुद्धा लावू दिला नसता."

दीनानाथांच्या गाडीतून बॉक्स उतरला तेव्हा ते खिडकीत उभे होते. खाली आले नाहीत. बाईंचा मोडका बॉक्स तिथं निदान जागा भरायला म्हणून परत बसवून द्या, एवढंच त्यांनी सांगितलं. हिंदुरावांनी तेही केलं. इकडे लोणीत त्यांनी कन्व्हर्टर किती आत गेलाय ते पट्टीनं तीनदा मोजलं, आणि बोल्ट नुसत्या बोटांनी फिरतात याची खात्री झाल्यावरच पाना हातात घेतला. गाडी चालली. पुढे, मागे, चढावर, सगळीकडे.

प्लॅस्टर निघाल्यावर बाई न्यायला आल्या. बसल्या, गाडी सुरू केली, आणि थेट रस्त्याला लागल्या.

त्या बॉक्सवर गाडी पुढे पाच वर्षं चालली. बाई तेल बदलायलासुद्धा पार वाघोलीच्या एका गॅरेजात जात. लोणीतल्या कॉलेजपासून हिंदुरावांचं गॅरेज चालत दहा मिनिटांवर होतं.