सूनबाईचे इंग्रजी खेळ

साल दोन हजार तेवीस. मला तेव्हा एकाहत्तर झालेली. आधार कार्डावर दोन कमी आहेत, पण ती लिहिणाऱ्याची चूक, माझी नव्हे. शाळा मी दुसरीत सोडली. मास्तरांनी कान पिळला म्हणून पाटी तिथंच ठेवून घरी आलो, ती अजून आणायला गेलो नाही. तेव्हा या वयात पुन्हा शिकायला बसलो ते कुणाच्या धाकानं बसलो, असं कुणी समजू नये.

आमची सून दुधनीकडची. माहेरी कानडी, आमच्याकडं मराठी, आणि वर डी.एड. केलेलं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी माझ्याशी तिनं थेट एक शब्द टाकला नव्हता. आमच्यात सून सासऱ्याशी तोंडावर बोलत नाही. चहा झाला की ती माझ्या बायकोला म्हणायची, "आत्याबाई, मामांना म्हणावं, चा निवाय लागलाय." बायको घरात नसली तर दाराच्या चौकटीला सांगायची. चौकट कधी काही बोलली नाही, पण चहा मला मिळायचा.

मंद्रूपजवळच्या एका शाळेत लहान मुलांना इंग्रजी शिकवायला बाई पाहिजे होती. तिथल्या मोठ्या बाई सुनेला म्हणाल्या, पंधरा दिवसांनी एक तास घेऊन दाखव. मुलं खेळातून शिकली पाहिजेत आणि तुझा आवाज शेवटच्या बाकाला गेला पाहिजे. हिचा आवाज चुलीपासून उंबऱ्यापर्यंत पोचायचा नाही. ही नोकरी गेली तर डी.एड.चा कागद पेटीतच राहणार, असं ती आत्याबाईंना एकदाच म्हणाली आणि तव्यावरच्या भाकरीकडं बघत बसली. भाकरी करपली. मग मीच चौकटीकडं तोंड केलं आणि म्हटलं, "तिला म्हणावं, सराव आमच्यावर कर."

तिनं पुठ्ठ्यावर चित्रं काढून सोप्यात मांडली. कांदा, केळ, छत्री, बकरी. तिनं इंग्रजी नाव घ्यायचं, आम्ही नवरा-बायकोनं त्या चित्रावर चापट मारायची, आणि जो आधी मारेल त्याचं चित्र. गोट म्हणजे बकरी हे मला पहिल्याच दिवशी पाठ झालं. पण पाठ असून उपयोग काय? जन्मभर भाकऱ्या थापलेला हात बायकोचा. माझा हात निघेपर्यंत तिची चापट पडलेली असायची. दोनदा तर ती माझ्या हातावरच पडली, आणि चुकून पडली असं मला आजही वाटत नाही.

दुसरा खेळ हुकमाचा. आधी 'टीचर सेज' म्हणून हुकूम सोडला तर पाळायचा. नुसताच हुकूम आला आणि कुणी हललं, तर ते औट. ह्यात मी एकदाही औट झालो नाही. सुनेच्या थेट शब्दावर हलायची मला सवयच कुठं होती? पण अडचण निराळीच निघाली. 'टीचर सेज, स्टँड अप' ती खणखणीत म्हणायची, कारण ते दुसऱ्या कुणाचं तरी म्हणणं. नुसतं 'सिट डाउन' मला म्हणायची वेळ आली की आवाज पदराखाली जायचा. फसवायचा हुकूमच ऐकू येईना, तर फसणार कोण? बायको म्हणाली, "ह्यात कोन हरतच न्हाय, मग ह्यो खेळ कसला?" मी मात्र जिंकत होतो.

तासाच्या दिवशी मुलाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून तिला घेऊन मी गेलो. वर्गाच्या खिडकीबाहेर व्हरांड्यात बाकडं होतं, तिथं बसलो. चित्रांचा खेळ झकास झाला. हुकमाचा सुरू झाला आणि आमच्या सोप्यातलंच सगळं पुन्हा घडायला लागलं. फसवायचा हुकूम पुटपुटल्यासारखा यायचा. पोरं एकमेकांची दप्तरं ओढू लागली. मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं.

सून म्हणाली, "टीचर सेज, स्टँड अप." पोरं उभारली. पंधरा दिवसांची सवय, मीही उभारलो.

एका पोरीनं खिडकीकडं बोट केलं. "बाई, आजोबा पन उभारल्यात."

सगळा वर्ग वळला, मोठ्या बाई वळल्या आणि शेवटी सून वळली. माझ्या डोळ्यांत सरळ बघितलं तिनं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"सिट डाउन."

पलीकडं नळावर कुणी मास्तर हात धूत होते, तेही मागं वळून बघायला लागले. असा आवाज. मी बसलो.

"आजोबा औट!" पोरं नाचायला लागली. तिथून पुढं तिचा आवाज काही खाली आला नाही. पुढच्या हुकमाला निम्मा वर्ग फसला, आणि औट झालेली पोरं औट व्हायलाच आल्यासारखी हसत होती. मोठ्या बाईंनी तिथंच सांगितलं, उद्यापासून ये.

परत येताना रिक्षात तिनं पुठ्ठ्याची चित्रं मांडीवर नीट लावली. मग म्हणाली, "मामा, मी टीचर सेज म्हटलंच नव्हतं. तुमी का बसलासा?"

"गुडघं दुखत व्हतं," मी म्हटलं.

तिनं तोंड बाहेर वळवलं, पण खांदे हलत होते. घरी बायकोला सगळं कळलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "माझ्या सांगण्यावर कवा बसनार?"

दुसऱ्या दिवशी सुनेची सातची गाडी होती. म्हशीची धार रोज तीच काढायची. त्या सकाळी बादली घेऊन मी गोठ्यात गेलो. म्हैस सुनेच्या हाताची, मला पानवायला, दूध सोडायला तयार नाही. तिनं एक लाथ झाडली, मी तिला चार शब्द सुनावले, आणि निम्मी बादली दूध काढून चुलीवर ठेवलं.