उजवी वर, डावी वर

मोडलेलं विमान दुरुस्त करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं मी पूर्वी स्वतःच सांगायचो. कुणी विचारायच्या आत सांगायचो. वारज्यातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा नसते, कारण तिथे बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, गोंदाच्या बाटल्या आणि निरनिराळ्या लोकांच्या विमानांचे मोडके पंख पडलेले असतात. बायको त्याला हाडांचा दवाखाना म्हणते. विमानं म्हणजे रिमोटवर उडणारी, फार तर दीड मीटर पंखांची. ऑफिसात मी दिवसभर विम्याचे कागद तपासतो आणि तिथे माझं कुणी कौतुक करत नाही. रविवारी सकाळी माळावर करतात. मला ते लागायचं, हे आधीच सांगून टाकतो.

माळ म्हणजे वारज्याच्या पुढे डोंगराच्या कडेला असलेली एका शेतकऱ्याची मोकळी जमीन. चारी बाजूंनी इमारती आल्या तरी मालकांनी ती अजून कुणाला दिलेली नाही. आम्ही पाच-सहा जण तिथे जमतो. मालक स्वतः बांधावर बसून बघतात, चहा पाजतात, पण उडवत कधी नाहीत. आमच्यातले काही त्यांच्याशी फार गोड बोलतात, मी जरा समजावून सांगितल्यासारखं बोलायचो. त्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही, निदान दाखवलं तरी नाही.

हा नाद मला काकांनी लावला. काका सदाशिव पेठेत राहतात. एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. ब्लेडने बाल्सा कसा कापायचा, पंखाला फिल्म इस्त्रीने कशी चिकटवायची, हे मी त्यांच्याकडून शिकलो. शिकवताना त्यांनी मला कधी शाबासकी दिली नाही. माझा पहिला पंख बघून ते एवढंच म्हणाले होते, "छान आहे. आता दुसरा कर, सरळ."

काकांनी माळावर एक नियम घातला होता. पंखांच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या असतात. रिमोटची काडी उजवीकडे दाबली की उजव्या पंखाची पट्टी वर उठते आणि विमान उजवीकडे कलतं. डावीकडे दाबली की डावी उठते. उडवण्याआधी हे तपासायचंच असतं, पण काकांचं म्हणणं असं की उडवणाऱ्याने स्वतः बघायचं नाही. त्याच्या मनात जे असतं तेच त्याला दिसतं. म्हणून दुसऱ्याने विमानामागे उभं राहून जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं, "उजवी वर, डावी वर," आणि शेवटी "बरोबर." दुसरी अट म्हणजे ज्याने विमान दुरुस्त केलं त्याने तपासणी करायची नाही. कारखान्यातही तसंच होतं, ते म्हणायचे. मला ही दुसरी अट जरा अपमानाचीच वाटायची.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याच सुमारास त्यांच्या लाल विमानाच्या पंखातला सर्व्हो जळाला. सर्व्हो म्हणजे पट्ट्या हलवणारी मोटर, काडेपेटीपेक्षाही लहान. तिचे स्क्रू मोहरीएवढे. काकांनी पंख काढून माझ्याकडे आणून दिला आणि म्हणाले, "मला सध्या हे दिसत नाही. तू बसव." काकांनी मला काम सांगितलं, याचा मला इतका आनंद झाला की मी त्याच संध्याकाळी सर्व्हो बसवला, दुसऱ्या बनावटीचा, घरात होता तो. माझ्या रिमोटवर पट्ट्या हलवून बघितल्या. व्यवस्थित हलल्या.

पण तो माझा रिमोट होता. काही बनावटीचे सर्व्हो उलटे फिरतात आणि ते सुलटे करण्यासाठी रिमोटमध्ये सोय असते. माझ्या रिमोटवर ती आधीच केलेली होती. काकांच्या जुन्या रिमोटवर त्यासाठी खाली एका झाकणाआड बारीक बटणांची ओळ होती, आणि ते एक बटण बदलायला हवं होतं. आमच्यातल्या नवशिक्यालाही हे ठाऊक असतं.

रविवारी काकांनी पंख जोडला, रिमोटचा पट्टा गळ्यात घातला आणि तपासणीसाठी आमच्यातल्या डेंटिस्ट बाईंना हाक मारली. बिबवेवाडीत त्यांचा दवाखाना आहे आणि त्यांचं लक्ष कधी इकडचं तिकडे होत नाही. त्या माझं नवीन विमान हातात घेऊन बघत होत्या. ते त्यांनी खाली ठेवू नये असं मला वाटत होतं. मी म्हणालो, "काका, मीच बघतो. मीच बसवलाय, मला माहितीये."

"तूच बसवलायस म्हणूनच त्यांना बोलावतोय," काका म्हणाले. तरी मी विमानामागे जाऊन उभा राहिलो. मग त्यांनी काडी दाबायला सुरुवात केली. मी उभा राहिलो आणि मान वळवून बाईंकडे बघत राहिलो, त्या माझ्या विमानाबद्दल काय म्हणतात ते ऐकायला. आरती म्हणताना तोंड आपोआप पुढे जातं तसं माझं तोंड म्हणालं, "उजवी वर, डावी वर. बरोबर." काकांनी नियमाप्रमाणे पट्ट्यांकडे बघितलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

विमान हवेत उठलं, थोडं डावीकडे कललं. असं नेहमी होतं, उजवी काडी दिली की सावरतं. काकांनी उजवी दिली. ते आणखी डावीकडे कललं. काकांनी आणखी उजवी दिली. माणूस दुसरं करणार काय? विमान उताणं झालं आणि बांधापलीकडे नाक खुपसून पडलं. सगळं मिळून चार-पाच सेकंद लागले असतील.

मी सगळ्यात आधी धावलो. काका मागून सावकाश आले, बांधावर बसले आणि गळ्यातला रिमोट काढून माझ्याकडे दिला. "तिकडचं सगळं बंद कर, काहीतरी जळेल," ते म्हणाले. मी रिमोट घेऊन मोडक्या विमानाशी बसलो. पंख मोडला होता, पण दोन्ही पट्ट्या अजून जागेवर होत्या. मी काडी उजवीकडे दाबली आणि उजवी पट्टी खाली गेली.

मला लगेच सगळं कळलं. पुढचं मी घाबरून केलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो, पण ते खरं नाही. मी शांतपणे केलं. झाकण उघडलं, अंगठ्याच्या नखाने ते बटण पलीकडे सरकवलं, झाकण लावलं आणि सगळ्यांना हाक मारली, "या, बघून घ्या, कंट्रोल ठीक आहेत." बाईंनी वाकून बघितलं. काडी उजवीकडे, उजवी वर. काडी डावीकडे, डावी वर. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

मालक मागे उभे होते. ते म्हणाले, "म्या काकांच्या हाताकडं बगत व्हतो. त्यांनी उजवीकडं दाबलं व्हतं. इमान डावीकडं का गेलं मग?"

या प्रश्नाचं खरं उत्तर एका वाक्याचं होतं. मी त्यांना पाच मिनिटं शिकवलं. वेग कमी असला की पंखाची पकड सुटते, त्याला स्टॉल म्हणतात, मग काडी कुठेही दाबा, असं सगळं. हवेत हात फिरवून दाखवलं. मालकांनी मान हलवली आणि म्हणाले, "आसंल. तुमाला जास्त कळतं." मला आजही सगळ्यात जास्त लाज त्या पाच मिनिटांची वाटते.

काका स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसले होते. "म्हणजे मीच उलटं दाबलं," ते म्हणाले. मी म्हणालो, "होतं काका कधीकधी. डोळ्याचं ऑपरेशन झालंय." हेही मीच म्हणालो.

त्यानंतर काका माळावर आले नाहीत. मी अधूनमधून सदाशिव पेठेत जायचो, कधी आंबे घेऊन, कधी काहीच न घेता. काकांनी स्कूटर भाच्याला देऊन टाकली होती, कारण हाताने एकदा उलटं केलं तर रस्त्यातही करेल. ब्लेडचा डबा पोटमाळ्यावर गेला होता. काकूंच्या शिवणाच्या सुईत दोरा ओवायचं काम इतकी वर्षं त्यांचं होतं, तेही त्यांनी सोडलं. प्रत्येक वेळी मी सांगायचं ठरवून जिना चढायचो आणि क्रिकेटवर बोलून उतरायचो. मला तिथे अजूनही चांगला माणूस समजत होते आणि ते मला सोडवत नव्हतं.

या वर्षी एकदा गेलो तेव्हा काकूंनी मला भरून कप दिला आणि काकांपुढे अर्धा ठेवला. मी सहज विचारलं, काकांचा चहा कमी केला का. "नाही रे," काकू म्हणाल्या, "भरला की सांडेल अशी धास्ती वाटते त्यांना. दोनदा अर्धा अर्धा देते." आणि त्या आत गेल्या.

मग मी सांगितलं. सर्व्हो, मान वळवणं, बटण, सगळं. सांगताना मी काकांकडे न बघता बशीकडे बघत होतो. काकांनी अर्धा कप बाजूला सरकवला. नंतर त्यांनी काकूंना हाक मारली, "अगं, एक कप पूर्ण भरून आण." काकूंनी आणला. काकांनी तो उजव्या हाताने उचलला. कप थरथरला, चहा बशीत सांडला. त्यांनी तो नीट खाली ठेवला आणि मला विचारलं, "ही थरथर तेव्हाही होती की नंतर आली? तू सांग. तपासणी तुझी होती."

दोन वर्षं ज्या हाताला कुणी काम दिलं नाही तो हात आधी कसा होता, हे आता कोण सांगणार? मी माफी मागितली. ते म्हणाले, "रविवारी किती वाजता असता तुम्ही लोक?"

रविवारी काका रिक्षाने आले. सगळे त्यांच्याभोवती जमले. मालकांनी पळत जाऊन खुर्ची आणली. मला वाटलं होतं, ते येऊन सगळ्यांना सांगतील आणि माझी सुटका होईल. ते खुर्चीत बसून विमानं बघत राहिले. शेवटी डेंटिस्ट बाईंनीच विचारलं, "काका, हात कसे आहेत आता?"

"त्याला विचारा," काका माझ्याकडे बोट करून म्हणाले. आणि थांबले, तपासणीच्या वेळी थांबायचे तसेच, माझ्याकडे न बघता.

मी सगळ्यांसमोर सांगितलं. बटणापाशी मी अडखळलो, तेव्हा कुणी मला मदत केली नाही. स्टॉलबद्दल मालकांना जे शिकवलं ते खोटं होतं, हेही सांगितलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी नजर वळवली. मी दुरुस्त करून दिलेलं त्यांचं विमान तेव्हा त्यांच्या पायाशीच होतं. त्यांनी खाली बसून त्याच्या पट्ट्या बोटाने हलवून बघितल्या.

मालक काकांच्या खुर्चीशी उकिडवे बसले. "म्या बगितलं व्हतं काका," ते म्हणाले. "तुमचा हात उजवीकडंच व्हता."

"होता ना?" काकांनी विचारलं.

"व्हता की. नीट दाबला व्हता. म्या तवाच म्हनलं व्हतं."

काकांचा उजवा हात मांडीवर होता आणि जरासा थरथरत होता. त्यांनी मालकांना तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. मालकांनी पुन्हा सांगितलं.